लिव्हर पोटात परत वाढतं, मग लॅबमध्ये का नाही वाढवत?

गवतीचहा:
माझ्या मावसभावाने त्याच्या बाबांना लिव्हरचा भाग दिला, आता सोनोग्राफीत त्याचं लिव्हर जवळपास पूर्वीएवढं दिसतंय. एवढं आपोआप होतं तर छोटा तुकडा काढून लॅबमध्येच वाढवायचा ना, डोनरसाठी वणवण कशाला? या फील्डमधलं कुणी आहे का इथे?

लॅबवाली:
मी आहे. गंमत अशी की लिव्हरच्या मुख्य पेशी, हिपॅटोसाइट्स, पोटात भराभर वाढतात पण डिशमध्ये ठेवल्या की वाढायचं नाव नाही, उलट कामच सोडून देतात. पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली मस्त कोनाकोनाच्या, काहींत दोन-दोन न्यूक्लियस, आणि काही दिवसांत चपट्या, लांबुळक्या, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) बनवणं घसरलेलं. कोलॅजनच्या दोन थरांत ठेवल्या तर जरा जास्त टिकतात इतकंच.
म्हणून मग आयपीएस पेशी, म्हणजे साध्या पेशींना मागे नेऊन बनवलेल्या, कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेमसेल. जपानच्या यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून बनवल्या, २०१२ ला नोबेल. या पेशींना ठरलेल्या क्रमाने ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचे इशारे देणारी प्रथिनं) देत गेलं की तीन-चार आठवड्यांत लिव्हर'सारख्या' पेशी मिळतात, पण त्या गर्भातल्या बाळाच्या पेशींसारख्या कच्च्याच राहतात, एएफपी हे गर्भातलं प्रथिन बनवत बसतात. शिवाय ते फॅक्टर महाग, आमचं निम्मं बजेट त्यातच जातं 😅

वाटसरू२:
२०१३ ला जपानमध्ये ताकेबेंच्या टीमने छोटं लिव्हर बनवलं होतं ना?

लॅबवाली:
हो, लिव्हर बड. तीन प्रकारच्या पेशी एकत्र ठेवल्या, त्यांनी आपणहून गोळा बनवला आणि उंदरात बसवल्यावर ४८ तासांत रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या, भारीच काम. पण गोळा काही मिलिमीटरचा आणि आपलं लिव्हर सव्वा-दीड किलोचं. रक्त पोचलं नाही तर आतल्या पेशी ऑक्सिजनविना मरतात, आणि पित्त बाहेर जायला नळ्याही लागतातच.

वाटसरू२:
अख्खं लिव्हर बनवायचा हट्ट कशाला म्हणतो मी. अमेरिकेत लायजेनेसिस कंपनीने २०२४ मध्ये पेशंटच्या लिम्फ नोडमध्येच (शरीरातल्या लसिका गाठीत) लिव्हरच्या पेशी सोडल्या, रक्तपुरवठा तिथे आयताच. अर्थात अजून ट्रायल आहे, आणि पेशीही दान केलेल्या लिव्हरच्याच.

गवतीचहा:
अच्छा! विचारायचं खरं कारण म्हणजे ऑपरेशनच्या आधी एका क्लिनिकवाल्याने स्टेमसेल इंजेक्शनने सिरॉसिस बरा करतो म्हणून लाखांत पैसे सांगितले होते.

लॅबवाली:
दिले नाहीत ना? आयसीएमआरची (देशातली वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची गाइडलाइन आहे, सिरॉसिससाठी असलं काही फक्त ट्रायलमध्येच करता येतं आणि त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पुन्हा कुणी असं सांगितलं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा.