मदत हवी आहे: बॉयलरच्या ट्यूबवरचं स्केल (क्षारांचा थर) ॲसिडमध्ये अर्धवटच विरघळतंय

नमस्कार मंडळी,

बॉयलर फायर ट्यूब प्रकारचा आहे, म्हणजे ट्यूबमधून गरम धूर जातो आणि बाहेरून पाणी असतं. लोड तेवढाच असूनही चिमणीचं तापमान हळूहळू चढत गेलं. ट्यूब आतून ब्रशने साफ केल्या, काजळी निघाली, पण तापमान उतरलं नाही. म्हणून थंड करून मॅनहोल उघडलं. तळाचा मऊ गाळ पाण्याच्या प्रेशरने निघून गेला, मात्र ट्यूबवर पांढरट-राखाडी, दगडासारखं स्केल बसलंय. वॉटर साइडला ट्यूबच्या दाटीत ना ब्रश पोचतो ना छिन्नी.

स्केलचा एक तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकून पाहिला. आधी फसफसला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहेच. नंतर फसफस थांबली आणि बराचसा तुकडा तसाच उरला. ॲसिड संपलं असेल म्हणून ताजं घातलं, तरी तेच.

कंत्राटदार म्हणतो, इनहिबिटर घालून 5 टक्के ॲसिड फिरवू, नाही निघालं तर जास्त वेळ ठेवू. हे ‘जास्त वेळ’ मला अजिबात पटत नाही. न विरघळणारं स्केल तसंच राहील आणि उघडं पडलेलं पोलाद खाल्लं जाईल. इनहिबिटरने झीज कमी होते, थांबत नाही.

उरलेला भाग सल्फेटचा की सिलिकाचा, हे कसं ओळखायचं? आणि ॲसिड नेमकं कधी थांबवायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे, कंत्राटदाराला थांबवा. उरलेला तुकडा पूड करून सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) द्रावणात चांगला उकळा, धुवा आणि पुन्हा ॲसिडमध्ये टाका. आता फसफसला तर तो कॅल्शियम सल्फेट होता, सोड्याने त्याचं कार्बोनेट झालं. मग बॉयलरलाही आधी सोड्याचा बॉइल-आउट द्या, म्हणजे सोड्याचं द्रावण भरून उकळा, धुवा, नंतरच ॲसिड. तरीही विरघळला नाही तर सिलिकाचा संशय घ्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सिलिकासाठी ॲसिडमध्ये फ्लोराइड घालतात, त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतं. ते काम अनुभवी माणसांशिवाय करूच नका.

थांबायचं कधी, तर फिरून परत येणाऱ्या द्रावणाचं टायट्रेशन (ॲसिडची तीव्रता मोजायची चाचणी) करत राहा, सोबत लोहही मोजा. ॲसिडची तीव्रता स्थिरावली की स्केलवरचं काम संपलं. लोह चढतंय असं दिसलं तर ॲसिड लगेच काढा. हायड्रोजन निघतो, त्यामुळे व्हेंट उघडा ठेवा, जवळपास वेल्डिंग नको. शेवटी धुऊन सोडा ॲशने न्यूट्रल करा.

आणि सॉफ्टनरनंतरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रानंतरच्या) पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा, आजच तपासा, स्केल त्यातूनच बसतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. पूड करून उकळायला ठेवतोय, निकाल इथेच लिहितो.