मदत हवी आहे: आईसाठी परसात एडीयू बांधायचं आहे (कॅलिफोर्निया). शहराचा नियम बदलेपर्यंत थांबू की आताच अर्ज करू?

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात एडीयू, म्हणजे मूळ घराच्या आवारातलं दुसरं छोटं घर, बांधलेल्या कुणाचा तरी सल्ला तातडीने हवा आहे.

आम्ही बे एरियात राहतो. घर १९५८ सालचं, एकमजली. बाबा गेल्यावर आई मिरजेचं घर बंद करून कायमची आमच्याकडे आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालते. आमच्या बाथरूमचा दरवाजा २४ इंचांचा, त्यातून वॉकर सरळ जात नाही. तो आडवा करायचा, एका हाताने चौकट धरायची आणि मग आत पाऊल टाकायचं. रात्री तिचा आवाज आला की मी धावत जाते. दोन मुलांच्या खोल्या मोडून तिथे काही करावं, तर तेवढी जागाच नाही.

म्हणून परसात ६०० चौरस फुटांचं घर काढायचं ठरवलं: एक खोली, ओटा, रुंद दाराचं बाथरूम. घराच्या मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत ३० फूट जागा आहे. मधे सहा फूट आणि कुंपणाशी चार फूट सोडले तर २० फूट रुंदी मिळते. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड. मधली लांबी ३० फूट. एका शनिवारी आईनेच रांगोळी घेतली आणि आम्ही गवतावर रेघा मारल्या. ती वॉकर घेऊन त्या रेघांच्या आत फिरली, पलंग कुठे, ओटा कुठे ते बघितलं आणि म्हणाली, "देवघर पूर्वेच्या भिंतीला ठेवू."

अडचण शहराच्या नियमांची आहे. आमच्या शहराच्या जुन्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे शहराच्या कायद्यात, मागचा सेटबॅक (कुंपणापासून मोकळी सोडायची जागा) १० फुटांचा आहे. तेवढा सोडला तर रुंदी उरते १४ फूट. बाथरूममध्ये पुढेमागे व्हीलचेअर वळवायची वेळ आली तर पाच फुटांचा मोकळा गोल लागतो. तो काढला की बाकी घर बोळासारखं होतं. आता शहर नवा ऑर्डिनन्स आणतंय. मसुद्यात सेटबॅक चार फुटांवर आला आहे, पण दोन अटी तशाच ठेवल्या आहेत: मालकाने त्याच आवारात राहिलं पाहिजे आणि एडीयूसाठी पार्किंगची एक जागा दिली पाहिजे. प्लॅनिंग कमिशनची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर कौन्सिल. शहराच्या कार्यालयात काउंटरवर विचारलं तर म्हणाले, नवा मंजूर होईपर्यंत जुनाच लागू, १० फूट सोडा नाहीतर थांबा.

थांबायचं किती? आई ७६ वर्षांची आहे. आणि मालकाच्या अटीची मला खरंच भीती वाटते. उद्या नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर दोन्ही घरं भाड्याने देता येणार नाहीत का? सुनावणीत बोलायला तीन मिनिटं मिळतात, तिथे काय बोलावं तेही सांगा. शेजारचे आजी-आजोबा खिडकीतून त्यांच्या अंगणात दिसेल म्हणून काळजीत आहेत. त्यांच्याशी वाईटपणा घ्यायचा नाही.

प्रतिसाद

ताई, थांबू नका. काउंटरवर मिळालेलं उत्तर चुकीचं आहे.

राज्याचा कायदा शहराच्या वर आहे. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनुसार बाजूला आणि मागे चार फूट सोडून ८०० चौ. फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं एडीयू शहराला अडवता येत नाही. शहराचा ऑर्डिनन्स राज्याच्या कायद्यात बसत नसेल तर एडीयूपुरता तो रद्दच समजायचा आणि थेट राज्याचे नियम लावायचे, असं कायद्यातच लिहिलंय. पूर्ण अर्ज हातात पडल्यापासून ६० दिवसांत शहराला निर्णय द्यावा लागतो, नाहीतर अर्ज मंजूर धरला जातो. अर्जासाठी सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही.

मालकाची अट शहराला घालता येत नाही. आधी ती बंदी २०२४ अखेरपर्यंतचीच होती, एबी ९७६ या राज्याच्या कायद्याने कायमची केली. पार्किंगचं म्हणाल तर बस किंवा ट्रेन चालत अर्ध्या मैलाच्या आत असेल तर जागा मागता येत नाही. तुमचं अंतर किती?

आणखी एक खूण सांगतो. काउंटरवरच्या माहितीपत्रकात गव्हर्नमेंट कोडचं कलम ६५८५२.२ लिहिलं असेल तर ते पत्रक जुनं आहे. २०२४ मध्ये ही कलमं ६६३१० पासून पुढे नेली. अर्ज नाकारला तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, मी एकदा तसा परत आलो आणि माझे आठ महिने गेले.

७५० चौ. फुटांच्या आत राहताय ते उत्तम, इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर भार पडतो म्हणून घेतात ती) लागत नाही. परमिटची फी वेगळी, ती लागतेच. शहराचे आधी मंजूर केलेले नकाशे बघा. १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक शहराने ती सोय ठेवायची आहे आणि तसा नकाशा घेतला तर निर्णय ३० दिवसांत. मालमत्ता कर फक्त नव्या बांधकामाच्या किमतीवर वाढतो, जुन्या घराचं मूल्यांकन तसंच राहतं.

नव्या ऑर्डिनन्सच्या सुनावणीला मात्र जरूर जा. मंजूर ऑर्डिनन्स ६० दिवसांत राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, एचसीडीकडे, पाठवावा लागतो आणि तिथे या दोन्ही अटींवर बोट ठेवलं जाईल, एवढंच शांतपणे सांगा. मग बाथरूमच्या दरवाजाचं सांगा, जसं इथे लिहिलंत तसंच. शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी उंचावर, छताजवळ घ्या. कायदा सांगत नाही, पण त्या आजी-आजोबांना नकाशा आधी दाखवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार. वाचून आईला सगळं समजावलं. पत्रक काढून बघितलं, कलम ६५८५२.२ च आहे. फोनवर नकाशा लावून स्टेशनपर्यंत चालत गेले, ०.४ मैल भरलं. अर्ज सोमवारी देते. शेजारच्या आजींकडे संध्याकाळी नकाशा घेऊन जाणार आहे, आई पण येते म्हणाली.

एकच विचारायचं राहिलं: पार्किंगसाठी तो चालण्याचा नकाशा अर्जालाच जोडावा, की त्यांनी मागितल्यावर द्यावा?