आपल्या पेशींवर पण साखर, कॅंडिडा बुरशीवर पण साखर, मग मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) कळतं कसं?

टीवाय_मायक्रो: मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-१ रिसेप्टर बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन (ग्लुकोजची साखळी) ओळखतो हे पाठ आहे पण दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. आपल्या पेशींवर पण शर्करेच्या साखळ्या असतातच ना, मग रिसेप्टर आपल्यावरच का नाही धावून येत? आणि कॅंडिडात ग्लुकन आतल्या थरात, वरून सगळं मॅनन (मॅनोज साखरेची साखळी), मग ते दिसतं कुठून? परीक्षेपुरतं उत्तर नकोय, खरंच समजून घ्यायचंय.

ग्लायकोवेडा: साखळीचं टोक बघ. आपल्याकडे टोकाला बहुतेक वेळा सियालिक ॲसिड (एक आम्लधर्मी साखर) असतं, आणि ते ओळखणारे सिग्लेक रिसेप्टर बरेचसे उलट 'शांत बस' असाच सिग्नल देतात. बुरशीवर मॅनोज उघडं असतं, रक्तातलं एमबीएल हे प्रथिन कॅल्शियमच्या मदतीने नेमकं तेच धरतं, पण एका साखरेवर एका डोक्याची पकड अगदीच कच्ची म्हणून त्याला डोक्यांचे घोसच असतात आणि मॅनोज दाट असेल तिथेच ते घट्ट बसतं. बीटा-१,३-ग्लुकन तर आपलं शरीर बनवतच नाही, तिथे घोळ व्हायचा प्रश्नच नाही. ग्रुप बी स्ट्रेप हा जीवाणू मात्र महाबेरकी, कॅप्सूलवर (बाहेरच्या आवरणावर) सियालिक ॲसिड लावूनच फिरतो.

बुरशीप्रेमी: दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, हा माझा आवडता भाग आहे. कॅंडिडाच्या यीस्ट (गोल) पेशीची कळी सुटून वेगळी झाली की मूळ पेशीवर वण राहतो, तिथे वरचं मॅनन विरळ असतं आणि ग्लुकन उघडं पडतं, डेक्टिन-१ तिथेच चिकटतो. हायफा (बुरशीचा धागा) लांबत जातो, त्यात कळी सुटत नाही, म्हणून तो डेक्टिनच्या नजरेतून बराचसा सुटतो. अजून एक, सुटं विरघळलेलं ग्लुकन चिकटतं पण मॅक्रोफेज पेटत नाही! २०११ मध्ये दाखवलंय की अख्खा कण असला तर रिसेप्टर दाटीने जमतात, सिग्नल दाबणारं सीडी४५ हे प्रथिन त्या जागेतून बाहेर ढकललं जातं आणि मगच पेशीच्या आतली सिक, कार्ड९ वगैरे प्रथिनांची पुढची साखळी सुरू होते.

टीवाय_मायक्रो: भारी! सीडी४५ चं कुठेच वाचलं नव्हतं. मग म्युकरचं (काळ्या बुरशीचं) काय, त्यातही ग्लुकनच ना?

बुरशीप्रेमी: नाही, म्युकरच्या भिंतीत कायटिन-कायटोसान या वेगळ्या साखळ्या जास्त, बीटा-१,३-ग्लुकन फारच कमी. म्हणून रक्तातली बीटा-डी-ग्लुकन टेस्ट त्यात कामाची नाही, निगेटिव्ह आली म्हणून म्युकर नाही असं कधीच म्हणू नकोस. २०२१ ला कोविडनंतर आपल्याकडे एवढे पेशंट आले तेव्हाही टिश्यू काढून केओएचमध्येच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, मायक्रोस्कोपखाली) बघावं लागायचं, रुंद, रिबनसारखे, जवळपास पडदे नसलेले हायफे.