ऑफिसात प्रिंट सर्व्हर लावायचाय, प्रिंटर जुना यूएसबीवाला आहे, काय करू?

करवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. आमचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, सात पीसी आणि प्रिंटर एकच, एचपी लेसरजेट 1020. जुना आहे पण दणकट, साहेब म्हणतात चालतोय तोवर चालवायचा. तो यूएसबीने मॅडमच्या पीसीला लावलाय आणि तिथून शेअर केलाय. आता गंमत अशी की मॅडम साडेपाचला पीसी बंद करून गेल्या की सगळ्यांचं प्रिंटिंग बंद, आणि 31 जुलै जवळ आला की आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो, मग कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पळतं. त्यात नवीन आलेल्या दोन विंडोज 11 पीसींवर प्रिंटर ॲड करायला गेलं की शेवटी 11बी असलेला तो लांबलचक एरर येतो, आणि जुन्या पीसींवरही अधूनमधून सकाळी प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. बाजारात छोटे यूएसबी प्रिंट सर्व्हर डबे (प्रिंटर पीसीऐवजी थेट नेटवर्कला जोडणारे) मिळतात त्यातला एक घेऊ का? की जुना पीसी पडलाय त्याचं काही करता येईल? खर्च कमीत कमी सांगा, नाहीतर साहेब माझ्याकडेच बघतात.

टोनर_काका:
सरळ लॅनवाला (नेटवर्कची वायर लागणारा) प्रिंटर घ्या, राउटरला वायर लावा, विषय संपला. जुन्याला किती दिवस पंप मारणार.

रात्रपाळी_ॲडमिन:
काकांचं बरोबर आहे पण बजेट नाही म्हणतायत ना ते. डब्याच्या फंदात मात्र पडू नका. 1020 हा होस्ट-बेस्ड प्रिंटर आहे, म्हणजे पान तयार करायचं काम पीसी करतो. वरून त्याचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) प्रिंटरमध्ये कायमचं राहत नाही, दर वेळी चालू केला की पीसीकडून परत भरावं लागतं. साधा डबा नुसता डेटा पुढे ढकलतो, फर्मवेअर कोण भरणार? मग लाइट गेली की प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. मी एका क्लायंटकडे हा डबा लावून दोन दिवस घालवलेत, शेवटी तो डबा कपाटात गेला.

तुमचा जुना पीसी कामाला लावा. 2 जीबी रॅम असली तरी पुरे. त्यावर विंडोजऐवजी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, त्याचा ग्राफिकल डेस्कटॉप नको, मग कप्स (लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम) आणि एचपीलिप (एचपी प्रिंटरचे ड्रायव्हर) इन्स्टॉल करा. एचपी-सेटअप चालवलं की ते प्लगइन (एचपीचा जोड प्रोग्राम) मागेल, त्याला हो म्हणा, फर्मवेअर भरायचं काम तेच करतं. नंतर ब्राउझरमध्ये सर्व्हरचा, म्हणजे या जुन्या पीसीचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट 631 टाकून कप्सचं पान उघडायचं, तिथे प्रिंटर शेअरिंगची खूण करायची (प्रिंटरलाही वेगळी शेअर्डची खूण लागते, ती लोक विसरतात आणि मग तासभर शोधत बसतात). विंडोजवर प्रिंटर ॲड करताना नावाने शेअर्ड प्रिंटर निवडा, त्यात एचटीटीपी, आयपी, कोलन 631, मग प्रिंटर्स आणि तुम्ही दिलेलं नाव. ड्रायव्हर विचारला तर एखादा जनरिक पोस्टस्क्रिप्टवाला द्या, बाकीचं कप्स बघतं. पहिलं पान मराठीतलं काढून बघा, एखादी नोटीस वगैरे, जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते लगेच कळतं.

सगळ्यात आधी पण राउटरमध्ये जाऊन त्या जुन्या पीसीचा आयपी रिझर्व्ह करा, म्हणजे तो कायम तोच राहील. तुमचं सकाळचं ऑफलाइन बहुतेक तेच असणार, मॅडमच्या पीसीचा आयपी बदलतो आणि बाकीचे जुनाच पत्ता धरून बसतात.

काळे_शाई:
लिनक्स जमलं नाही तर 11बी वर एक देशी उपाय. सप्टेंबर 2021 च्या विंडोज अपडेटनंतर हा प्रकार सगळीकडे सुरू झाला, दोन पीसींमधल्या प्रिंटिंगच्या बोलण्यावरची तपासणी कडक केली त्यांनी. बरेच जण रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) ती तपासणीच शून्य करून टाकतात, चालतं, पण क्लायंटचे पॅन नि बँक डिटेल्स असलेल्या ऑफिसात मी तरी नाही करणार. त्यापेक्षा विंडोज 11 वर आधी ड्रायव्हर टाका, मग मॅन्युअली प्रिंटर ॲड करून नवीन लोकल पोर्ट बनवा आणि पोर्टच्या नावात दोन उलटे स्लॅश, पीसीचं नाव, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव असं लिहा. माझ्याकडे तीन ठिकाणी चाललंय. पण मॅडमचा पीसी बंद झाल्यावर काय, ते दुखणं राहतंच.

करवाला_सांगली:
सगळ्यांचे आभार. काल रविवारी बसलो. आयपीचं सांगितलं ते शंभर टक्के खरं निघालं, राउटरमध्ये बघितलं तर मॅडमच्या पीसीचा आयपी आठवड्यात दोनदा बदललेला. जुन्या पीसीवर डेबियन टाकलं, त्याला 192.168.1.50 रिझर्व्ह केला, प्लगइन घेतल्यावर पहिलं पान निघालं तेव्हा मी एकटाच ऑफिसात ओरडलो. सहा पीसींवर चालू झालं, सातव्याला जुन्या शेअरचीच जोडणी डिफॉल्ट राहिली होती, ती काढली. काळे भाऊ, तुमचा उपाय लागलाच नाही, कारण मधे विंडोज शेअरिंगच उरलं नाही.

आता एकच अडचण. आमचे शिपाई मामा रात्री जाताना मेन स्विचच खाली ओढतात, वीस वर्षांची सवय, सांगून सुटणार नाही. सकाळी सर्व्हर आपोआप उठत नाही, मलाच टेबलाखाली वाकून बटण दाबावं लागतं.

रात्रपाळी_ॲडमिन:
बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारं सेटिंग) पॉवर मॅनेजमेंटला जा, एसी पॉवर गेल्यावर काय करायचं असा एक ऑप्शन असतो, तिथे पॉवर ऑन ठेवा, मग मेन वर केला की पीसी स्वतःच उठेल. आणि मामा जातात त्याच्या अर्धा तास आधी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारी लिनक्सची सोय) शटडाउन लावा, रोज चालू मशीनची लाइट ओढली तर डिस्क एक दिवस राम म्हणेल. 31 जुलैच्या आठवड्यात मात्र ती क्रॉनची ओळ बंद करायला विसरू नका, नाहीतर रात्री नऊला साहेब परत तुमच्याकडे बघतील.

करवाला_सांगली:
हाहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल पेनने लिहिलं.