मदत हवी आहे: मोझांबिकच्या किनाऱ्याने रोड ट्रिप आणि स्कुबा, डाइव्हनंतर जोहान्सबर्गचा चढ चढायचा का?

मंडळी, मोझांबिकला स्वतः गाडी चालवत गेलेलं कोणी आहे का इथे? किंवा साउथ आफ्रिकेत राहणारं कोणी? कारण जी माहिती सापडतेय ती बहुतेक तिथल्याच लोकांनी लिहिलेली आणि ते सगळे स्वतःच्या फोर बाय फोरने, मागे बोट बांधून जातात, भाड्याची गाडी घेऊन जाणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते त्यांना पडतच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे जायचं ठरतंय. मी, नवरा, नणंद आणि नणंदेचे मिस्टर. नणंदोई गोव्याचे, त्यांचे आजोबा पोर्तुगीजांच्या काळात लोरेन्सो मार्क्सला म्हणजे आत्ताच्या मापुतोला नोकरीला होते, त्यामुळे मापुतो त्यांना नीट बघायचंच आहे. (१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालायचा, हे मला आत्ता वाचताना कळलं.) मी आणि नवरा डाइव्ह करतो, मी ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स) कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला केलं, त्याने अंदमानात. नणंद पाण्यात उतरत नाही आणि शाकाहारी आहे.

कच्चा रूट असा: जोहान्सबर्गला उतरायचं, एसयूव्ही घ्यायची, एन-४ हायवेने कोमातीपोर्ट, रेसानो गार्सियाची बॉर्डर, मापुतो. मग ईएन-१ या किनाऱ्याच्या हायवेने वर शाय-शाय करत तोफो, तिथे मोठा मुक्काम, मग अजून वर विलांकुलोस, बझारुतोची बेटं, तिथे डूगाँग (समुद्री गायी) आहेत, पश्चिम हिंदी महासागरात त्यांची तगून राहील अशी संख्या आता तिथेच उरलीय म्हणतात. मग परत खाली मापुतो, २०१८ मध्ये झालेला कातेंबेचा पूल ओलांडून पोंता दो ओउरो, तिथे शेवटचे डाइव्ह, आणि जोहान्सबर्गहून परत.

आता माझी मुख्य अडचण. डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी थांबायचं हे सगळ्यांना माहितीय, एकच डाइव्ह असेल तर कमीत कमी १२ तास, रोज डाइव्ह करत असू तर १८, आणि शहाणी माणसं २४ धरतात. पण मी नकाशा बघत होते तर जोहान्सबर्गच मुळात साधारण १७५० मीटरवर आहे आणि एन-४ वर बेलफास्टच्या आसपास रस्ता जवळजवळ २००० मीटरपर्यंत चढतो. विमानाच्या केबिनमध्ये १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा इतका हवेचा दाब असतो, म्हणजे सकाळी डाइव्ह करून दुपारी गाडीने निघालो तर हे विमानात बसल्यासारखंच झालं ना? डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन त्रास देतो, तो काही आपण गाडीत आहोत की विमानात ते बघत नाही. नवरा म्हणतो एवढं काय, रस्त्याने हळूहळू चढतो. मला ते पटत नाहीये आणि मी यावर भांडायला तयार आहे, पण आधी कोणीतरी जाणकाराने सांगा.

बाकीचे प्रश्न:

तोफोचे बरेच रीफ २० मीटरच्या खाली आहेत असं दिसतं, ओपन वॉटरला १८ ची मर्यादा. आधी इथेच अ‍ॅडव्हान्स्ड करून जावं की तिथे करावं?

मलेरियाची गोळी कोणती? मेफ्लोक्विन डाइव्ह करणाऱ्यांनी घेऊ नये असं वाचलं.

घरून अजून एक काळजी, २०२४ च्या निवडणुकीनंतर तिकडे बराच गोंधळ झाला, बॉर्डरसुद्धा मध्ये मध्ये बंद होती. सासूबाईंनी ते वाचलंय. आणि नणंदेने दिवसभर करायचं काय आणि खायचं काय?

डर्बनकर:
ताई, भांडा, तुमचंच बरोबर आहे. इथले डाइव्हर या चढाला विमानाइतकंच मानतात. शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस खालीच काढा, मगच घाट चढा. पण त्यापेक्षा सोपा उपाय सांगतो, जोहान्सबर्गला परत जाऊच नका. पोंता दो ओउरोहून कोसी बेची बॉर्डर अगदी जवळ आहे, तिथून आर-२२ आणि पुढे एन-२ ने डर्बन, रस्ता जवळजवळ सगळा समुद्रसपाटीच्या आसपासचा. मध्ये सेंट लुशियाला एक रात्र राहा, खाडीत पाणघोडे आणि मगरी बोटीतून दिसतात, नणंदबाईंचा एक दिवस तिथेच सार्थकी लागेल, आणि तुमचे तासही भरतील. मग डर्बनहून विमान. गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायचे जास्त पैसे पडतात, ते आत्ताच विचारून घ्या.

गाडी बॉर्डरपार न्यायला कंपनीचं पत्र लागतं, ते बुकिंग करतानाच मागा, काउंटरवर ऐनवेळी मिळत नाही. बॉर्डरला मोझांबिकचा थर्ड पार्टी इन्शुरन्स घ्या. गाडीत गाडी बंद पडल्यावर रस्त्यावर ठेवायचे दोन त्रिकोण आणि रिफ्लेक्टर जॅकेट पाहिजेच. गावात ६० ची मर्यादा असते आणि पोलीस बरोबर पाटीच्या पुढेच उभे असतात, ६० म्हणजे ६०. अंधार पडल्यावर ईएन-१ वर गाडी चालवायची नाही, बिनदिव्याचे ट्रक, सायकली, शेळ्या, माणसं सगळं रस्त्यावर असतं. मापुतो ते तोफो पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर आहे, एका दिवसात होतं पण पहाटे निघा. गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे आपल्याला तेवढं सोपं. आणि साउथ आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा बघा, तुम्ही बाहेर पडून परत आत येताय.

निवडणुकीनंतरचं म्हणाल तर निघायच्या आठवड्यात बातम्या बघा आणि बॉर्डर चालू आहे ना ते विचारा. काबो देलगादो प्रांतातला दहशतवाद अगदी उत्तरेला आहे, विलांकुलोसपासून हजार किलोमीटरहून लांब.

निळाई:
मी तोफोला डाइव्ह केलंय. अ‍ॅडव्हान्स्ड इथूनच करून जा, तिथले दिवस कोर्समध्ये घालवू नका. आणि एक लक्षात घ्या, तिथे जेटी वगैरे काही नाही, रबरी बोट वाळूवरून ढकलत लाटांमध्ये नेतात, उडी मारून चढायचं आणि पाय पट्ट्यात अडकवून घट्ट बसायचं. आपल्याकडच्या बोटींची सवय असेल तर पहिल्यांदा छातीत धडधडतं. पाण्याला करंटही (ओढ) असतो. व्हेल शार्क ऑक्टोबर ते मार्च जास्त, हंपबॅक व्हेल जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे दिवाळी लवकर असेल तर दोन्हीची आशा ठेवा. पण मनाची तयारी ठेवून जा, व्हेल शार्क आणि मांटा (मोठे पाखट मासे) दोन्ही तिथे पूर्वीपेक्षा खूप कमी झालेत, मासेमारीच्या जाळ्यांमुळे. हे मला तिथे गेल्यावर फार लागलं.

मेफ्लोक्विन खरंच टाळा, त्याने चक्कर येऊ शकते आणि मग ती गोळीची की डीकंप्रेशनची (म्हणजे त्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांची) ते कळत नाही. माझ्या डॉक्टरांनी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली होती, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना डाइव्ह करणार हे आवर्जून सांगा. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कुबा बरेचदा धरत नाहीत, डाइव्हिंगचा वेगळा काढा.

शाकाहारींसाठी मातापा मागा, कसाव्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध, पण त्यात कोळंबी किंवा खेकडा असतो म्हणून आधीच सांगावं लागतं. पाव सगळीकडे ताजा मिळतो. रस्त्याच्या कडेला काजू. विलांकुलोसला शिडाच्या होडीतून बेटावर जाता येतं, पाण्यात न उतरताही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. डर्बनहून परतायचं नवऱ्याला दाखवलं, लगेच मान्य, कारण त्याला पाणघोडे बघायचेत. गाडी कंपनीला आजच मेल टाकते. आता फक्त एक, विलांकुलोस ते पोंता दो ओउरो एवढं खाली येताना मधला मुक्काम कुठे करावा, शाय-शायला की बिलेनेला? बिलेनेचं सरोवर शांत असतं असं ऐकलंय, नणंदेला तिथे बरं वाटेल का?