मुंबईतल्या जुन्या इमारती: वारसा की सत्तेची जाहिरात?

गिरगावकर
सीएसएमटी स्टेशनच्या (जुनं व्हीटी) फाटकाचे दोन खांब बघा. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. स्टेशन बांधलं रेल्वे कंपनीनं, पण १८८७ला राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. ओव्हल मैदानाला तेच. जुनं सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट एका रांगेत, आणि भराव पडण्याआधी समोर थेट समुद्र! राज्य कुणाचं, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. आपण मात्र ‘हेरिटेज’ म्हणून फोटो काढतो आणि मूळ हेतू विसरतो.

नीलांबरी
साफ नामंजूर. विद्यापीठातल्या राजाबाई टॉवरचा पैसा इथले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आराखडा करणारे इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट तर हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. दगड घडवला इथल्या हातांनी. व्हीटीच्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. हे सगळं राणीच्या खात्यावर का टाकायचं?

गिरगावकर
पैसा इथला, हाच तर माझा मुद्दा! मूळचा काळा घोडा म्हणजे युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा. तो दिला इथले व्यापारी अल्बर्ट ससून यांनी. धनिकांनी आपणहून खिशात हात घालावा, एवढा सत्तेचा दबदबा होता.

परळचा
तुम्ही दोघं फोर्टाबाहेर पडणार का? पंचम जॉर्ज १९११ला येऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ गेटवेची कमान पुरी झाली १९२४ला. त्याच दशकात त्याच सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) या खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोडला बीडीडी चाळी उठवल्या. १६० चौरस फुटांची खोली, मधून अंधारा पॅसेज, मजल्यावर सामाईक संडास. राजाला कमान, कामगाराला ही खोली. सत्ता बघायची तर तिथे बघा. सिंह-वाघ नंतर.

नीलांबरी
हे पटलं. पण लोकांनीही उत्तर दिलंय ना? २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळीबारात पडली. पुढे तिथे मशाल घेतलेले शेतकरी-कामगार उभे राहिले, चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं. कारंजं कुणी फोडलं नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

गिरगावकर
फोडा असं मीही म्हणत नाही. पण सिंह-वाघाखाली मराठीत ठळक फलक लावा: हे कुणी बसवलं, कशासाठी.

परळचा
लावा. आणि बीडीडीच्या जागी टॉवर होताहेत ते होऊ देत, लोकांना मोठं घर मिळालंच पाहिजे. फक्त एक चाळ खोल्या-पॅसेजसकट जशीच्या तशी राखा.