आकडा काढण्याआधी प्लग मोजा

तेलसाठ्याच्या खडकाची पारगम्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, जागोजागी किती बदलते ते डायक्स्ट्रा-पार्सन्स गुणांक सांगतो. तो 0.8 च्या वर आला की खडक फार विषम, असं म्हणतात ते मान्य. पण तो आकडा किती प्लगवर, म्हणजे कोअरमधून (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या लांब दंडगोलातून) कापलेल्या छोट्या नमुन्यांवर उभा आहे, हे कुणीच विचारत नाही. पारगम्यतेचं प्रमाण विचलन भागिले सरासरी, म्हणजे सीव्ही काढा. सरासरी 20 टक्क्यांच्या आत बरोबर हवी असेल तर ढोबळ नियमाने (10 × सीव्ही) चा वर्ग इतके नमुने लागतात. सीव्ही 0.5 असेल तर 25 पुरतात, 2 असेल तर थेट 400! फुटाला एक प्लग घेतला तर शंभर फूट कोअरमधून मिळतात जेमतेम शंभर.

शिवाय प्लग कुठून काढला, हेही बघाच. चुनखडकाच्या एका कोअरमध्ये अंगठा जाईल एवढी पोकळी मी पाहिली आहे, आत कॅल्साइटचे स्फटिक चमकत होते. तिथे ड्रिल लावलं की कड ढासळते, म्हणून प्लग दोन बोटं बाजूला, धड भागातून घेतला गेला. तेल वाहणारी वाट मोजणीतून सुटली ती तिथेच. अशा पट्ट्यात अख्ख्या व्यासाचा कोअर तपासायलाच हवा.